सूपभर कोंडा

कापणीचा वास आला की लोकांना पोहे आठवतात, मला धडकी भरते. यंदाही भरली. सकाळी खिडकी उघडली तर समोरच्या मळ्यात कापणीचं यंत्र घरघरत होतं, आणि ओल्या चिखलाचा, कापलेल्या ताटांचा आणि उन्हात तापलेल्या पेंढ्याचा तो एकत्र वास थेट आत आला. मी साठी केव्हाच ओलांडलेली बाई. गुडघे कुरकुरतात, साखर वाढलेली आहे, आणि तरीही त्या वासासरशी माझी छाती दाटून आली. मनाबिनाचं सांगत नाही, खरोखरची छाती. जिनं मूल अंगावर पाजलंय तिला कळेल मी काय म्हणते ते. बाकीच्यांनी कळल्यासारखं करावं आणि पुढं वाचावं.

ऐंशीच्या दशकातला तो आश्विन. जिल्हा नवा नवा झाला होता, ओरोसच्या माळावर कचेऱ्या उभ्या राहत होत्या आणि आमचे 'हे' तिथं कारकून होते. मी मालवणची, शाळेत शिकवणारी, तोंडानं फटकळ. लग्न करून वालावलच्या अलीकडं, खाडीकाठच्या ह्या गावात आले. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी झालं. मुलगी होती. बारशापर्यंतसुद्धा राहिली नाही. तिच्याबद्दल एवढंच लिहिते, जास्त लिहायला गेले की हात थांबतो.

म्हणून दुसऱ्या खेपेला सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं, "म्हायेराक धाडूचा नाय. काय होतला ता हयच होतला." आणि झालं. मुलगा झाला. ऐन कापणीत झाला.

घरात बाळ येणं म्हणजे आनंदीआनंद, असं ज्यांनी लिहून ठेवलंय त्यांनी बाळ फक्त लांबून बघितलेलं असावं. मी तर हादरूनच गेले होते. इतकं लहान काही असू शकतं? त्याच्या मुठीत माझ्या बोटाचं पेर मावायचं नाही. टाळूवरची कातडी आतून कोणी टिचक्या मारत असल्यासारखी सारखी उडत असायची, तिच्याकडं बघवत नसे आणि बघितल्याशिवाय राहवत नसे. तो रडला की वाटायचं आता श्वास अडकणार, गप झाला की वाटायचं अडकलाच. मी नाकाखाली बोट धरून बसायची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. माझं तर दूधच पोळलेलं होतं.

खोली अंधारी, एक हातभर खिडकी. बाजेखाली शेगडी, तीत ओवा आणि शेपा टाकून केलेली धुरी. संध्याकाळच्या गडगडाटी सरींनी काही म्हणून वाळत नसे, त्यामुळं लंगोट आणि दुपटी शेगडीवर बांबू आडवा टाकून त्यावर सुकवायची. ती पोराला गुंडाळली की त्याला धुराचा वास यायचा, भाजलेल्या कणसासारखा. सकाळी सुईण यायची. ती त्याला पसरलेल्या पायांवर उताणा घ्यायची, तेल चोळायची, नाक दोन बोटांनी ओढायची, हातपाय एकमेकांवर आणून घडी घालायची, आणि तो लालबुंद होऊन सगळा वाडा डोक्यावर घ्यायचा. मी बाजेवरून ओरडायची, "अगो, मोडशीत त्येका!" सुईण म्हणायची, "गप बस गो. मोडलेली पोरा जोडतंय मी." आणि खरंच, धुरी देऊन झाली की तो असा झोपायचा की मला पुन्हा नाकाखाली बोट धरावं लागे.

घरातली बाकी सगळी मळ्यात. कापणी कुणासाठी थांबत नाही. दिवसभर बाहेरून विळ्यांची खसखस, बायकांच्या हाका, खळ्यावर भाऱ्यांचे धप्प धप्प आवाज. हेही रजा टाकून कापायला उतरले होते. सासूबाई मात्र मळा, चूल आणि माझी खोली अशा तिन्ही ठिकाणी एकाच वेळी असायच्या. माझी पेज, माझा शेक, पोराचं सगळं वेळच्या वेळी. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात गेली होती. त्या पोराच्या तोंडाकडं बघत नसत. 'नातू' म्हणत नसत. "पोर रडता बघ," "पोराक घी," बस्स. कुणी बघायला आलं की म्हणत, "कसला बरा? काळा कुळकुळीत आसा." आता, दृष्ट लागू नये म्हणून वाईट बोलतात हे मलाही ठाऊक होतं. पण ह्या बाईंच्या आवाजात लाडाचा टिपूस नसे. काय दगडाची बाई आहे, असं मी मनात शंभरदा म्हटलं असेल.

त्या दिवशी न्हाणं आटपून आले. डोक्याला पंचा, अंगातून वाफा निघतायत. बाजेकडं बघितलं तर दुपटं नव्हतं. दुपट्याच्या जागी सूप होतं आणि सुपात कोंडा होता. भाताचा ताजा कोंडा, शिगोशीग.

मी तो कोंडा हातानं उकरला, खरं सांगते. वाटलं, ह्याच्याखाली असेल.

"पोर खंय आसा?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "झील खंय माझो?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. हात लुगड्याला पुसत म्हणाल्या, "इकलंय."

"काय?"

"इकलंय तेका. गोदाक. तेचो ह्यो कोंडो."

पायाखालची जमीन सरकली असं आपण उगाच म्हणत असतो. त्या दिवशी ती शेणानं सारवलेली जमीन खरोखरच हलली, मी बाजेचा खूर धरला म्हणून उभी राहिले. गोदा म्हणजे खाडीपलीकडची मासेवाली. होडीनं यायची, मागीलदारी टोपली टेकवून सुंगटं, म्हणजे कोळंबी, मोजून द्यायची. तिच्या पदराला पोरांचं लटांबर असे, सगळी धडधाकट. आणि तिला माझं पोर विकलं? कोंड्यावर?

"तिची सगळी जगली," सासूबाई म्हणाल्या. "तिच्या घराकडसून इला की पोरा नेणारी सटवी तेका वळखूची नाय. आपला म्हटला की नजर जाता. परक्याचा म्हणान वाढवूचा. तुझा पयला गेला, माझी तीन गेली. असा केल्याबिगर ह्या घरात पोर रवणा नाय." आणि मग, जसं काही वाटीभर साखर उसनी दिली होती, "दुपारी आणून देतली. तंवसर तू पेज जेव."

पेज जेव!

मी धावले. काय सुचलं, कसं सुचलं, कोण जाणे. बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, वारा लागू द्यायचा नाही, सोयर असताना कुणाला शिवायचं नाही, हे सगळं मी त्या मळ्यातून पायदळी तुडवत गेले. कापलेल्या भाताचे खुंट तळव्यांत घुसत होते. बायकांचे विळे जागच्या जागी थांबले. कुणीतरी किंचाळलं, "अगे बाय माझे, बाळंतीण भायर इली!" जळ्ळं मेलं ते सोयर! मी मळा ओलांडून होडी लागते त्या तरीवर पोचले आणि तिथं होडी नव्हती. होडी तर नव्हतीच, पाणीसुद्धा नव्हतं. ओहोटी लागली होती. समोर काळाशार चिखल, त्यात मान खुपसून बसलेले बगळे, आणि त्यापलीकडं लांब, एका पन्हळीएवढं उरलेलं पाणी.

सासूबाईंनी पंचांग बघून मुहूर्त काढला होता. भरती-ओहोटी बघितली नव्हती. जन्म खाडीकाठी काढलेली बाई, तिथीवरून भरती तोंडपाठ सांगणारी, पण सटवीच्या धाकानं नेमकं तेवढंच विसरली. गोदानं म्हणे सांगून बघितलं होतं, "पाणी उतरताहा वयनी, माका परत येवक गावचा नाय." हिनं ऐकलं नाही, मुहूर्त टळतोय म्हणून पोर तिच्या हातात कोंबलं. आता पाणी चढेपर्यंत होडी हलणार नव्हती. आणि माझं पोर सकाळपासून पाजलेलं नव्हतं.

हे धावत आले. हातात विळा तसाच. "दुपारी येतली ती," म्हणाले, आणि मग त्यांना चिखल दिसला.

"तुमका म्हायत होता?"

"होता."

"आणि माका सांगूक नाय?"

"तू आयकलं नसतंस." मग खाली बघत, "रिवाज आसा गो तो. माका पण असाच इकलेला."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि हे मला आज कळत होतं. हे आपल्या आईला 'काकी' म्हणत. मला वाटायचं एकत्र घर, चुलतभावंडांचं ऐकून लागलेली सवय. आमच्या मालवणात शेजारचा एकजण आईला वहिनी म्हणायचा, दुसरा बापाला अण्णा, कोण विचारत बसतंय! पण ह्यांचं तसं नव्हतं. विकलेल्या पोरानं विकणारीला आई म्हणायचं नाही. म्हटलं की सौदा मोडला. आणि त्यांचं नाव भिकाजी. भीक मागून आणलेला, असं सटवीला वाटावं म्हणून. मी इतकी वर्षं समजत होते की आजोबांचं नाव असेल.

"कोणी घेतलेला तुमका?"

"गोदाच्या सासून. म्हातारी आसा अजून. चवतीक करंजे धाडता तीच."

त्या करंज्या मी खाल्ल्या होत्या. वर चांगल्या झाल्यात असंही म्हटलं होतं.

पुढं मास्तरीण म्हणून मी हजेरी घ्यायची तेव्हा माझी जीभ अडायची. धोंडू, दगडू, भिकाजी, केरोबा. पोरं आपली 'हजर' म्हणून उभी राहायची, नाकं पुसत, खोड्या काढत. आणि मला त्यांच्यामागं दुसरी पोरं दिसायची, जी हजर नव्हती. दगडाचं, केराचं नाव कुणी हौसेनं ठेवत नाही हो. त्या प्रत्येक नावाच्या मागं एक घाबरलेली आई असते.

आता घाबरू नका, माझं पोर जगलं. उगाच कुणाला रडवावं अशी माझी खोड नाही. तो मुंबईला आहे, त्यालाही आता मूल झालंय, आणि त्या मुलाच्या पाळण्यावर कॅमेरा लावलाय. ते जरा कुंथलं की ह्याच्या फोनवर घंटा वाजते आणि हा कचेरीतल्या मीटिंगमधून घरी फोन करतो. मी हसते त्याला. हसते आणि मनात म्हणते, कर बाबा, तुझ्या सटवीला तू कॅमेऱ्यानं फसव. पण हे सगळं आजचं. त्या दिवशी तरीवर मला कुणी येऊन सांगितलं नव्हतं की बाई, हा जगणार आहे.

ऊन चढलं. आश्विनातलं ऊन, ते डोक्यावर पडत नाही, डोक्यात शिरतं. ह्यांनी आपला पंचा माझ्या डोक्यावर धरला होता. माझी चोळी भिजून चिकट झाली होती. दूध थांबेना. छाती दगड झाली, ताप चढल्यासारखं झालं. शेवटी मी पाठ फिरवून ते दूध पिळून चिखलात सोडलं. पलीकडं पोर भुकेनं तडफडत असेल आणि इथं चिखल दूध पितोय, हे बघून मी जी रडले आहे, तशी पुन्हा कधी रडले नाही. आईवडील गेले तेव्हासुद्धा नाही.

केव्हातरी सासूबाई आल्या. हातात पेजेचा टोप. जवळ आल्या नाहीत. थोड्या अंतरावर, चिखलाच्या कडेला उभ्या राहिल्या. मी ठरवलं होतं की ह्या बाईशी जन्मात बोलायचं नाही. पण नजर गेली. त्या पाण्याकडं बघत होत्या आणि ओठ हलत होते, आणि पेजेचा टोप इतका हलत होता की पेज सांडत होती. दगड म्हणत होते मी ज्यांना, त्या पार भेदरल्या होत्या. मला त्याचाही धक्काच बसला. त्या दिवशी धक्क्यांना काही तोटा नव्हता.

पाणी चढायला लागलं. आधी बगळे सरकले, मग चिखलावर चकाकी आली, मग खेकड्यांची बिळं एकेक करून भरली. आणि पलीकडून होडी सुटली. गोदा मधे बसली होती, पदराखाली गाठोडं. होडी जवळ आली तसं ऐकू आलं. तो रडत होता. बारीक, घोगरा, रडून रडून घसा बसलेला आवाज. पण रडत होता, म्हणजे होता! मी गुडघाभर पाण्यात उतरले.

"दी हय," हात पुढं केले.

गोदानं पोर दिलं नाही. होडीत उभी राहिली, सासूबाईंकडं बघितलं, आणि मोठ्यानं, ठरलेलं विचारावं तसं विचारलं, "कोणाचो गो ह्यो झील?"

मागून सासूबाईंचा आवाज आला, "तुझो म्हण. 'तुझो, आमी राखणदार' म्हण."

जिभेला हाड नसतं. एक शब्द म्हटला की पोर माझ्या मांडीवर. मी शहाणीसुरती बाई, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, मग एक खोटा शब्द बोलायला काय जात होतं? पण माझी पहिली गेली तेव्हा सगळे म्हणाले होते, देवाची होती, देवानं नेली. आणि मी मान हलवली होती. बिननावाची गेली ती. 'माझी' असं तिच्याबद्दल मोठ्यानं म्हणायचं राहूनच गेलं. आता दुसऱ्यांदा, तेही जिवंत, रडणाऱ्या पोराच्या तोंडावर?

"माझो," मी म्हटलं.

होडीवाल्याचा होडी रेटायचा वासा हातातच राहिला. गोदानं पोर छातीशी ओढलं. बिचारी घाबरली होती. "बाये, तसा बोला नको. उद्या काय झाला तर माझ्या माथ्यार येतला."

"परत इचार तिका," सासूबाई म्हणाल्या. आवाज चिरकला होता.

"कोणाचो गो...?"

"माझो! माझो आसा तो! जगलो तरी माझो, आणि नाय जगलो तरी माझो!"

बांधावर विळे घेतलेल्या बायका गोळा झाल्या होत्या. त्यांतल्या एकीनं कानांवर हात ठेवले. माझा नवरा काठावर उभा. मागं टोप पडल्याचा आवाज झाला, आणि सासूबाई चपक् चपक् करत चिखल तुडवत पाण्यात शिरल्या. लुगडं सावरलंसुद्धा नाही. मला वाटलं, आता ही माझ्या मुस्काटात देणार, नाहीतर होडी मागं ढकलणार. त्या माझ्या अंगावरून पुढं गेल्या. गोदाच्या हातातून त्यांनी पोर काढून घेतलं. त्याच्या तोंडाकडं बघितलं, पहिल्यांदा, नीट, अगदी जवळ धरून. मग मला हाताला धरून काठावर आणलं, बसवलं, आणि ते माझ्या मांडीवर ठेवलं.

त्यानं असा काही लचका तोडला की माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी मान खाली घातली. त्यामुळं पुढचं मी बघितलं नाही, ऐकलं.

"गोदा," सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या सासूक माझो निरोप सांग."

"काय सांगू, वयनी?"

"माझो झील माका परत दी म्हणान सांग."

"दिलंय मां आताच," गोदा गोंधळून म्हणाली. "तो काय सुनेकडे पिता."

"तो न्हय. ह्यो." आवाज कापत होता, पण माघार घेणारा नव्हता. "ह्यो उभो आसा तो. माझो तो. एवढी वर्सा तुमच्याकडे आसा. पुरे झाला. भियान भियान माझा तोंड शिवलेला रवला, ही कालची पोर बोलली आणि मी...."

पाणी काठाला लपलपत होतं, पोर गटागटा पीत होतं. मग ह्यांच्या घशातून काहीतरी आलं. सवयीनं 'का' एवढंच आलं आणि तिथंच थांबलं. मग अगदी हळू, दुसऱ्याची वस्तू हातात घेऊन बघावी तसं, ते म्हणाले, "आये."

"काय बोललंस?"

"आये म्हटलंय."

"मोठ्यान बोल," सासूबाई म्हणाल्या. "पलीकडे आयकाक गेला पायजे."

आणि माझा नवरा, डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागलेला सरकारी कारकून, एका पोराचा बाप, चिखलात विळा टाकून खाडीकडं तोंड करून बेंबीच्या देठापासून ओरडला, "आये!"

मांडीवरचं पोर दचकलं. दोन्ही हात फेकले, क्षणभर थांबलं, आणि पुन्हा प्यायला लागलं.